मोबाइलसोबत वाढलेल्या मुलांसाठी वर्गातला तास कसा बदलावा?

सुनंदा_विज्ञान (धागाकर्ती)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. तुकडीत साठच्या आसपास मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका, अशी आमच्याकडची परिस्थिती आहे.

अलीकडे वर्गात एक बदल ठळकपणे जाणवतो. मी घटक सुरू करण्याआधीच निम्म्या मुलांनी त्यावरचा एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. नववीचा ‘गतीचे नियम’ हा पाठ उघडला की न्यूटनचे तीनही नियम मुले उभी राहून न अडखळता म्हणून दाखवतात. मग मी विचारते की चेंडू सरळ वर फेकला आणि सर्वांत उंच बिंदूवर तो क्षणभर थांबला, तर त्या क्षणी त्याच्यावर किती बल आहे? बहुतेक हात ‘शून्य’ या चुकीच्या उत्तरासाठी वर जातात. नियम पाठ असलेली मुलेही त्यात असतात, आणि आपले उत्तर व त्या नियमांचा काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही.

दुसरीकडे, मुलांना जे माहीत आहे तेच मी पुन्हा सांगू लागले तर दहाव्या मिनिटाला वर्ग माझ्या हातातून निसटतो. याबद्दल मी मुलांना दोष देत नाही.

मोबाइल चांगला की वाईट, हा माझा प्रश्न नाही. माहिती देण्याचे काम माझ्याआधी दुसऱ्या कोणी केलेले असेल, तर माझ्या वाट्याच्या पस्तीस मिनिटांत मी नेमके काय करावे? ज्यांनी प्रत्यक्ष काही करून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_मुख्याध्यापक

सुनंदाताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु त्यामागच्या गृहीतकाविषयी थोडे लिहितो. ‘तंत्रज्ञानातच जन्मलेली पिढी वेगळ्या पद्धतीने शिकते’ हा विचार 2001 मध्ये मार्क प्रेन्स्की यांच्या लेखामुळे जगभर पसरला. पुढे किर्शनर आणि डी ब्रूकेरे या दोन शिक्षणतज्ज्ञांनी 2017 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून दाखवून दिले की अशी वेगळी पिढी असल्याचा पुरावा मिळत नाही, आणि एका वेळी अनेक कामे करण्याची जी शक्ती या मुलांना चिकटवली जाते तीही खरी नाही.

माझा अनुभव तोच आहे. मुलांची बोटे पडद्यावर सफाईने फिरतात, म्हणून त्यांना शोध घेता येतो असे नाही. पहिला आलेला दुवा उघडणे, त्यातला पहिला परिच्छेद उतरवून घेणे आणि वही बंद करणे, इतकाच त्यांचा शोध असतो. ती माहिती कोणी लिहिली, कधी लिहिली, दुसरीकडे काय म्हटले आहे, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. तेव्हा मुले बदलली म्हणून आपण बदलावे, असे म्हणण्याऐवजी मुलांना जे येत नाही ते ओळखून तेच शिकवावे, असे मी म्हणेन.

माढेकर_गुरुजी

सरांशी सहमत आहे, फक्त ‘मुलांच्या हाती मोबाइल असतो’ हे वाक्य सरसकट लिहिले जाऊ नये. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला, पुढे ते कोड बालभारतीच्या पुस्तकांत आले आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्या गोष्टीचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तो प्रयोग सुरू झाला तोच मुळी समोरच्या मुलांची आणि त्यांच्या घरांची गरज पाहून, हे मात्र पुरस्काराच्या बातम्यांत मागे पडले.

माझ्या वर्गात बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन आहे आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा तो आधी थोरल्या भावाच्या हातात पडतो. पुस्तकातला कोड स्कॅन करण्याची वेळ चौथीतल्या मुलीपर्यंत येईतो रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणून मी कोडवरचा व्हिडिओ गृहपाठाला देत नाही. वर्गातल्या एकाच टॅबवर तो तीन मिनिटे दाखवतो, मध्येच थांबवतो आणि ‘पुढे काय होईल?’ असे विचारतो. उत्तरे फळ्यावर लिहून झाल्यावरच उरलेला भाग दाखवतो. मुले पडद्याकडे पाहत असतात ती फळ्यावरचे आपले उत्तर बरोबर निघते का, हे पाहण्यासाठी.

आई_पुण्याहून

पालक म्हणून एक विनंती आहे. शाळांनी गृहपाठ व्हॉट्सॲप गटावर पाठवणे आधी बंद करावे. आम्ही घरी मोबाइलला वेळेची मर्यादा घालतो आणि शाळाच रात्री साडेआठ वाजता ‘खालील लिंक पाहून उत्तरे लिहा’ असा निरोप पाठवते. त्यानंतर मुलाच्या हातून फोन काढून घेणे किती कठीण असते, हे घरोघरी विचारून पाहावे.

नागपूरचा_प्राध्यापक

धाग्यातील मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वर फेकलेल्या चेंडूचे जे उदाहरण सुनंदाताईंनी दिले आहे त्यातच उत्तराची दिशा आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांच्यासमोर अगदी हीच अडचण आली होती. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत होते. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोणावर जास्त बल लागते, अशा साध्या प्रश्नात चुकत होते. त्या वेळी ना स्मार्टफोन होते ना मोबाइलवरचे व्हिडिओ. म्हणजे हा आजार मोबाइलपेक्षा जुना आहे. व्हिडिओमुळे एवढेच झाले की समजल्याचा भास अधिक लवकर आणि अधिक गोड पद्धतीने होऊ लागला.

माझूर यांनी 1990 च्या दशकात रुजवलेली पद्धत मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला वापरतो. घटकाचे वाचन मुले आधी करून येतात. तासात मी थोडे बोलतो आणि मग चार पर्यायांचा एक प्रश्न देतो, ज्यात आकडेमोड नसते, फक्त संकल्पना असते. प्रत्येकाने कोणाशीही न बोलता आपले उत्तर ठरवायचे आणि एकाच वेळी दाखवायचे. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील तर मी उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याचे उत्तर वेगळे असेल तर त्याला पटवून द्या, असे सांगतो. दोन-तीन मिनिटे वर्गात गलका होतो, मग पुन्हा उत्तरे दाखवायची. तीस टक्क्यांपेक्षा कमी असतील तर घटक मलाच नव्याने समजावावा लागतो, सत्तरपेक्षा जास्त असतील तर थोडक्यात आटोपून पुढे जायचे.

व्हिडिओला जे करता येत नाही ते इथे घडते. चुकीच्या उत्तराला कारण द्यावे लागते, आणि ते कारण मोठ्याने बोलताना मुलाला स्वतःलाच त्यातला खड्डा दिसतो.

सुनंदा_विज्ञान

सर, हे फार उपयोगी आहे. दोन शंका आहेत. उत्तर दाखवण्यासाठी मुलांकडे काही यंत्र लागते का? आणि साठ मुले बोलू लागली की शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, त्याचे काय?

नागपूरचा_प्राध्यापक

यंत्र लागत नाही. अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे पुरतात. मात्र ते सर्वांनी एकदम छातीशी धरायचे, नाहीतर हुशार मुलाकडे पाहून बाकीचे आपले पान बदलतात. आवाजाविषयी मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवावी, त्यांनाच एकदा तासाला बोलवावे.

शब्दवेडी_बाई

मी आठवी-नववीला मराठी शिकवते, आणि भाषेच्या तासाची अडचण विज्ञानापेक्षा वेगळी आहे. 2022 च्या अखेरीस मागाल तो मजकूर लिहून देणारे चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर वर्षभरातच निबंधांच्या वह्यांना एकसारखा वास येऊ लागला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात प्रत्येक मुलाचा पाऊस निसर्गाचे वरदान असतो, आणि आमच्या गावच्या ओढ्याचे, फरशी पुलावरून पाणी गेले की बंद पडणाऱ्या एसटीचे नाव कुठेच नसते.

बंदी घालून उपयोग नव्हता, म्हणून मी यंत्राचे लेखनच वर्गात आणले. आमच्या गावाच्या यात्रेवर यंत्राने लिहिलेला परिच्छेद छापून प्रत्येक बाकावर एक प्रत दिली आणि सांगितले की यातले चुकीचे, खोटे आणि कोणत्याही गावाला लागू पडेल असे प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. मुले तुटून पडली. ‘बाई, आपली यात्रा चैत्रात असते, यात दिवाळीनंतर लिहिली आहे.’ ‘बाई, पालखी देवळातून निघत नाही, आधी पाटलांच्या वाड्यावरून मान येतो.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वहीच उघडत नाही, त्याने पालखीला खांदा देणाऱ्या घरांची नावे क्रमाने सांगितली, कारण त्याचे घर त्यात आहे. मग मी म्हटले, आता हे तुम्ही लिहा, इथेच बसून, पेनाने. त्या दिवशीचे लेखन व्याकरणात कच्चे होते, पण वाचताना मला प्रत्येक मूल वेगळे ओळखू येत होते.

तेव्हापासून निबंध वर्गातच लिहायचा आणि घरी फक्त सामग्री गोळा करायची, अशी वाटणी मी केली आहे. आजीला विचारून ये, ऊसतोडीला गेलेल्या काकांना विचारून ये, बाजारात भाव लिहून आण. विचारायला माणूस लागतो असा गृहपाठ दिला की यंत्राचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

निवृत्त_मुख्याध्यापक

बाई, ‘चुका शोधा’ हा उपक्रम शिक्षण परिषदेत अवश्य मांडा. माहिती पडताळून पाहण्याचे शिक्षण याहून सोप्या रीतीने देता येईल असे मला वाटत नाही.

योटेबोरीकर

मी अनेक वर्षे स्वीडनमध्ये राहतो आणि माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकतात. इथल्या शाळा फार आधी टॅब आणि लॅपटॉपकडे वळल्या होत्या. 2023 मध्ये सरकारने भूमिका बदलली. छापील पाठ्यपुस्तके विकत घेण्यासाठी त्या वर्षी 68.5 कोटी क्रोना दिले आणि बालवाडीत डिजिटल साधने सक्तीची करण्याचा आधीचा निर्णय मागे घेतला. शांत वाचन आणि हाताने लिहिणे यांवर पुन्हा भर दिला जात आहे.

भारतातले काही मित्र याचा अर्थ ‘स्वीडनने तंत्रज्ञान टाकून दिले’ असा लावतात, तो बरोबर नाही. माझ्या मोठ्या मुलीच्या वर्गात संगणक आजही आहेत. बदल असा झाला की कोणत्या वयात, कोणत्या कामासाठी, हा प्रश्न आधी विचारला जातो आणि उपकरण नंतर उघडले जाते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आधी सर्व विकत घेतले आणि मग विचार केला. आपल्या शाळांना क्रम उलटा ठेवण्याची संधी आहे.

कडेगावकर

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचे उदाहरण इथे यायलाच हवे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावात रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे, साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती फोन गेले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, अशी तक्रार घरोघरी होती, त्यातून गावाने हा निर्णय घेतला.

मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फोन फक्त मुलांचा बंद झाला नाही, आईची मालिकाही थांबली. एकट्या मुलाला ‘ठेव तो फोन’ म्हणणे आणि सगळ्या घराने एकत्र ठेवणे यांत मोठा फरक आहे. शाळेचा तास कितीही बदलला तरी घरातल्या संध्याकाळीला हात लावल्याशिवाय तो तोकडा पडेल.

आई_पुण्याहून

मान्य आहे. पण आमच्या सोसायटीत असा भोंगा कोण वाजवणार? शहरात ही जबाबदारी प्रत्येक घराला एकट्यानेच उचलावी लागते, म्हणून शाळेने निदान आमच्या विरुद्ध बाजूला उभे राहू नये, एवढेच माझे म्हणणे होते.

स्पर्श_शिक्षिका

बंदीची भाषा येऊ लागली आहे म्हणून लिहिते. मी विशेष शिक्षिका आहे आणि सर्वसाधारण शाळांत बसणाऱ्या दृष्टिहीन मुलांसोबत काम करते. माझी एक विद्यार्थिनी फोनच्या टॉकबॅक सुविधेने मराठी धडे ऐकते, बोलून उत्तरे टाइप करते. पूर्वी ब्रेल पुस्तक वेळेवर आले नाही तर तिचा पाठ राहून जायचा, आता शिक्षकांनी मजकूर युनिकोडमध्ये पाठवला की ती त्याच दिवशी वर्गाबरोबर असते. पानाचे छायाचित्र पाठवले तर मात्र तो मजकूर तिला वाचून दाखवता येत नाही, ही गोष्ट शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. वर्गात सरसकट फोनबंदी करताना अशा मुलांना वेगळी परवानगी मागत फिरावे लागू नये. ती तरतूद नियमातच असावी.

लंबदुभाजक

गणिताच्या बाजूने थोडे लिहितो. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर मी प्रोजेक्टरवर वापरतो, परंतु ते आधी कधीच उघडत नाही. ‘त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूतून जातात’ हे शिकवताना पहिला तास कंपासपेटीचा असतो. कर्कटकाचे टोक सरकते, पेन्सिल बोथट होते, तीन रेषांचा एका बिंदूऐवजी चिमुकला त्रिकोण तयार होतो आणि मुले वैतागतात. ते वैतागणे मला हवे असते, कारण मग ‘खरोखर एकाच बिंदूत मिळायला हव्यात का?’ हा प्रश्न मुलेच विचारतात.

दुसऱ्या तासाला पडद्यावर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू हळूहळू ओढत नेतो. लघुकोन त्रिकोणात परिकेंद्र, म्हणजे तो बिंदू, आत असतो, काटकोन होताच तो कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो आणि विशालकोन झाला की बाहेर पडतो. हे सरकणे कागदावर दाखवता येत नाही. ज्याने आदल्या दिवशी हाताने तीन रेषा काढल्या आहेत त्यालाच ते पाहताना आश्चर्य वाटते. ज्या तुकडीला मी वेळेअभावी नुसते पडद्यावर दाखवले, त्यांनी ‘हो सर, कळले’ म्हटले आणि घटक चाचणीत काटकोन त्रिकोणाचे परिकेंद्र शिरोबिंदूवर काढले.

माढेकर_गुरुजी

वाहवा! प्रश्न आधी, पडदा नंतर. माझ्या टॅबचे आणि तुमच्या प्रोजेक्टरचे शहाणपण एकच निघाले.

निवृत्त_मुख्याध्यापक

‘हो सर, कळले’ यामागचे कारण संशोधनात नीट नोंदवलेले आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहणे हे पुन्हा वाचण्यासारखेच आहे. तेव्हा व्हिडिओ पाहून आलेल्या मुलाला वर्गात शिरताच कोरा कागद द्यावा आणि ‘काय आठवते ते लिही’ म्हणावे.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या अहवालातील आकडेही इथे नोंदवतो. ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयोगटातील 82.2 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेले 76 टक्के होते. अभ्यासाचा वापरही निम्म्याहून अधिक आहे, हे विसरू नये. प्रश्न तो वापर कसा होतो याचा आहे.

सुनंदा_विज्ञान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरम्यान मी पुठ्ठ्याची पाने करून घेतली. मुलांनी जुन्या लग्नपत्रिका आणल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर अ, ब, क, ड लिहिले. तासाच्या सुरुवातीला सरांनी सुचवल्याप्रमाणे कोरा कागद दिला आणि मग नववीला तोच चेंडूचा प्रश्न विचारला. ‘शून्य’ची पाने पुष्कळ होती. मी उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवायला सांगितले.

दुसऱ्या बाकावर चाललेला वाद मी शेजारी उभी राहून ऐकला. मुलगा म्हणत होता, ‘थांबला म्हणजे बल संपले.’ त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, ‘बल संपले असते तर तो तिथेच लटकून राहिला असता. मग खाली कोणी आणला?’ तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘म्हणजे वेग शून्य आहे, बल शून्य नाही.’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. दुसऱ्या फेरीत ‘शून्य’ची थोडीच पाने उरली, आणि ती धरणाऱ्या मुलांनीच मधल्या सुट्टीत येऊन पुढचे प्रश्न विचारले.

अडचण आता वेळेची आहे. एका प्रश्नाला दहा-बारा मिनिटे जातात आणि पोर्शन सत्र परीक्षेपूर्वी पूर्ण करायचाच असतो. प्रत्येक घटकाला हे करता येणार नाही. मग कोणत्या ठिकाणी थांबावे, हे कसे ठरवावे?

लंबदुभाजक

जिथे दरवर्षी उत्तरपत्रिकेत तीच चूक दिसते, तिथे थांबावे. तपासलेले जुने पेपर कपाटात असतात, ते काढून बसले की तासाभरात यादी होते.

शब्दवेडी_बाई

आणि व्याख्या, एकके, शास्त्रज्ञांची माहिती हा भाग निःशंकपणे घरच्या वाचनाला द्या. ज्यांच्याकडे फोन आहे ते व्हिडिओ पाहतील, नाही ते पुस्तक वाचतील. माढेकर गुरुजींनी सांगितलेली मुलगी त्यामुळे मागे पडणार नाही, कारण दोघांनाही वर्गात त्याच कोऱ्या कागदाला सामोरे जायचे आहे.

नागपूरचा_प्राध्यापक

हा सल्ला योग्य आहे. ‘धारा विद्युत’ या घटकासाठी एक प्रश्न देतो. दोन अगदी सारखे बल्ब सेलला एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक, जोडले, तर कोणता अधिक प्रकाशमान होईल? सेलच्या धन टोकाजवळचा, असे पुष्कळ मुले म्हणतील, कारण पहिला बल्ब थोडी वीज वापरून टाकतो असे त्यांना वाटते. पटवून देण्याची फेरी झाली की लगेच विजेरीचे दोन बल्ब, सेल आणि वायर घेऊन जोडणी करून दाखवा, आणि मग बल्बची अदलाबदल करा. हे मोबाइलवर दाखवू नका. तार सैल राहून बल्ब न पेटणे हाही त्या तासाचाच भाग आहे.

असे प्रश्न मराठीत एकत्र मिळत नाहीत. आपण सर्वांनी आपापल्या विषयातले, जुन्या उत्तरपत्रिकांतून काढलेले प्रश्न वेगळ्या धाग्यावर जमवावेत असे सुचवतो. प्रत्येक प्रश्नासोबत मुले कोणते चुकीचे उत्तर देतात आणि का, हेही लिहावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, छायाचित्रे टाकू नयेत.

सुनंदा_विज्ञान

आज रात्री धागा काढते. नववीच्या पहिल्या तीन घटकांपासून सुरुवात करू, कारण चाचणीपूर्वी ते सर्वांनाच लागतील.